दादाच्या मांडीतलं हाड

कोल्हापूर, रविवार

प्रिय सुन्या,

फोनवर बोलता आलं नाही, दादा शेजारीच पडून होता.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्याला दोन महिने झाले. कमरेखाली काही कळत नाही, म्हणून रोज सकाळी मीच त्याचे पाय वाकवून देतो. आधी गुडघा छातीला लागायचा. गेल्या आठवड्यात उजवा पाय खुब्यात अडायला लागला. मांडी सुजलेली, हात ठेवला तर डावीपेक्षा गरम, अंगात कणकण. आई म्हणाली, तूच ओढाताण केलीस. मलाही तसंच वाटलं, लेका, खोटं कशाला सांगू.

एक्स-रेत काहीच नव्हतं. डॉक्टरांना शिरेत गुठळीचा संशय आला, म्हणून सोनोग्राफी. बाहेर बाकावर सगळ्या पोटुशा बायका, आत भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ची पाटी, आणि तिच्याखाली आमचा तालमीतला गडी! मॅडमनी मांडीवर गार जेल ओतलं. अंग माझं शहारलं. दादा छताकडे बघत होता.

शीर दाबून बघतात. चपटी झाली की मोकळी, गुठळी असली तर दबत नाही. सगळ्या दबल्या. मला वाटलं, सुटलो. पण मॅडम प्रोब खुब्यापुढं नेऊन थांबल्या. स्नायूत काळसर गोळा, भोवती तुटक पांढरी कड. म्हणाल्या, इथं हाड धरतंय.

मणक्याला मार बसल्यावर असं होतं, आणि सगळ्यात जास्त खुब्यात. नाव हेटरोटोपिक ऑसिफिकेशन, म्हणजे नको त्या जागी हाड धरणं. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांत पॅरिसच्या डॉक्टरांनी १९१८ सालीच हे नोंदवलंय. नव्या हाडात कॅल्शियम भरायला काही आठवडे लागतात, तोवर एक्स-रे कोरा. सोनोग्राफीला स्नायूतली गडबड त्याआधीच दिसू शकते. गोळ्या सुरू झाल्यात. ऑपरेशन लागलंच तर पुढं, हाड पक्कं झाल्यावर. व्यायाम चालू, पण हलक्या हातानं. तेल लावून रगडा म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता दारातच थोपवतो.

दादाला सांगितलं तर म्हणतो, "पाय हलंना आणि हाड वाढतंय, नाद खुळा!" हसलो दोघं. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

एक काम कर. पुण्यातून चाकाची खुर्ची आणणार होतास ना, ती घेऊ नकोस अजून. खुबा नव्वद अंशात वाकला नाही तर त्याला ताठ बसता यायचं नाही. पाठ मागं कलणारी मिळते का, तेवढं विचार.

तुझा,
बाळ्या