'सगळ्या रंगांना चालतो' म्हणून विकलेल्या ब्रश-रोलर सेटबद्दल तक्रार

नमस्कार,

मी नेरुळला राहते. दिवाळीआधी किचनच्या कपाटांची दारं घरीच रंगवू म्हणून तुमचा सेट ऑनलाइन मागवला, २ इंची ब्रश, ४ इंची रोलर आणि ट्रे. पाकिटावर 'ऑइल आणि वॉटर बेस, सगळ्या रंगांना चालतो' असं ठळक छापलंय, ते वाचूनच घेतला, मला कुठे त्यातलं कळतंय.

दारांवर १० वर्षांच्या फोडण्यांचा चिकटा होता, तो साबणाच्या पाण्याने काढला, २२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावून नीट सुकू दिला. मग वॉटर बेस इनॅमलचा डबा उघडला आणि दुसऱ्या दारालाच तुमचा ब्रश केरसुणीसारखा फिसकटला, केस पाणी पिऊन लुळे पडले, त्यात गळायलाही लागले, ओल्या रंगातून एकेक केस भुवयांच्या चिमट्याने काढत बसले मी. रोलरचं तर विचारूच नका. लांब लोकरीचा, भिंतीला वापरतात तसला, दारावर संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत उठलं सगळं.

तुमच्या कस्टमर केअरची मुलगी म्हणे रंगात पाणी जास्त झालं असेल. अहो, थेंबभरही घातलं नव्हतं!

शेवटी तो ब्रश घेऊन वाशीच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. त्याने बोट फिरवून लगेच सांगितलं, हा नॅचरल केसांचा, ऑइल पेंटचा ब्रश आहे, पाण्याच्या रंगाला नायलॉन-पॉलिएस्टरचा घ्यायचा, तो पाण्याने फुगत नाही, आणि सपाट दारांना फोमचा नाहीतर आखूड मायक्रोफायबरचा रोलर. वर म्हणाला, हे केस बहुतेक डुकराचे असतात. सासूबाईंचे देव किचनमध्येच आहेत, त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. पाकिटावर हे बारीक अक्षरातही नाही.

त्याच्याकडून दोन्ही नवीन घेतलं, बिघडलेली दारं परत घासली, परत रंगवली, आता छान गुळगुळीत झालीत. म्हणजे रंग तोच, हात तोच, फक्त ब्रश-रोलर बदलले.

मला सेटचे पूर्ण पैसे परत हवेत, आणि वाया गेलेल्या रंगाचेही, बिल आणि फोटो जोडलेत. पुढच्या खरेदीवरचं कूपन पाठवू नका. पाकिटावरची ती ओळ आधी काढा. ८ दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आहे. ब्रश पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवलाय, हवा असेल तर माणूस पाठवा, फक्त दुपारी २ ते ४ नको, सासूबाई झोपलेल्या असतात.

नेरुळची एक ग्राहक