सही करण्याआधी करार सभासदांना दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एका खासगी विमान कंपनीत कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक आहे. माझा बेस मुंबई. आमच्या संघटनेने व्यवस्थापनाशी नुकताच जो वेतनकरार केला, तो आम्हा सभासदांना सह्या होऊन गेल्यावर कळला. वाटाघाटी करणाऱ्या चौघांनी सुरुवातीलाच गोपनीयतेचे बंधन मान्य केले होते. त्यामुळे बोलणी चालू असताना मोबाइलवर एवढेच संदेश येत: ‘चर्चा सकारात्मक’, ‘थोडा धीर धरा’. मसुदा मागितला की ‘विश्वास ठेवा’ असे उत्तर मिळे. शेवटी करार हाती पडला तेव्हा त्यात एक अक्षरही बदलण्याची सोय उरली नव्हती.

करारात काय आहे ते सांगतो, कारण वैमानिकाचा पगार कसा ठरतो हे बाहेर फारसे माहीत नसते. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. महिन्यात तेवढे उड्डाण मिळाले नाही तरी ठरावीक तासांचे पैसे कंपनी देईल, अशी हमी करारात असते. आमच्या नव्या करारात तासाचा दर वाढला आणि हमीचे तास खाली आले. भरपूर उडणाऱ्या ज्येष्ठ कमांडरला यात फायदा आहे, मलाही आहे. मार बसतो तो को-पायलटला. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, मग टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता), हे सगळे होईपर्यंत कोटीच्या आसपास खर्च झालेला असतो आणि बहुतेकांच्या घरावर त्याचे कर्ज असते. सुट्या भागांअभावी किंवा इंजिनांअभावी विमाने जमिनीवर राहिली की उड्डाणाचे तास घटतात. बँकेचा हप्ता घटत नाही. इंजिने मिळत नाहीत म्हणून गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हे संकट कुठवर जाऊ शकते ते सर्वांनी पाहिले. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द झाली, त्यामागेही एअर इंडियातील विलीनीकरणाआधी पुढे केलेला असाच करार होता. त्यात हमीचे तास ७० वरून ४० वर आणले होते.

‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ असे आम्हाला सहज सांगितले जाते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये नियम केला की कमांडरने नोकरी सोडण्याआधी एक वर्षाची आणि को-पायलटने सहा महिन्यांची नोटीस द्यायची. त्यात कंपनीचा बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट. शिवाय नव्या ठिकाणी ज्येष्ठता पुन्हा तळापासून. सोडून जाणे इतके अवघड असलेल्या माणसाला संघटनेशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणूनच संघटनेने आम्हाला अंधारात ठेवले, हे व्यवस्थापनाच्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त लागते.

वैमानिकांच्या संघटनांचा अलीकडचा इतिहास मी जवळून पाहिला आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या: एकीकडे मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, दुसरीकडे इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २०११ च्या एप्रिलअखेरीस दुसरीने समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप केला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात पहिलीने काम थांबवले; कारण काय, तर नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना वाटा द्यायचा की नाही. हा संप ५८ दिवस चालला. दोन्ही वेळा मान्यता काढून घेतली गेली, कार्यालयांना टाळे लागले. २०१२ मध्ये तर शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले आणि शेवटी दिल्ली उच्च न्यायालयात तोडगा निघाला. एकाच कंपनीच्या वैमानिकांनी एकमेकांविरुद्ध दंड थोपटले आणि दोन्ही बाजूंच्या तरुणांनी त्याची किंमत मोजली. ज्येष्ठतेची यादी एकत्र करण्याचा प्रश्न दोन्ही संघटनांनी आपापल्या सभासदांसमोर आकड्यांसकट मांडून आधी मिटवला असता, तर व्यवस्थापनाला फूट पाडायला जागाच मिळाली नसती, असे माझे ठाम मत आहे.

जेट एअरवेजची आठवण आजही अंधेरी-विलेपार्ल्यातल्या अनेक घरांत ताजी आहे. २००९ मध्ये तिथे वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड उभी केली, तेव्हा दोघांना काढून टाकल्यावर शेकडो जण आजारपणाची रजा टाकून घरी बसले होते. त्याच गिल्डने २०१९ मध्ये थकलेल्या पगारासाठी १ एप्रिलपासून उड्डाण बंद करण्याचे जाहीर केले, मग ती तारीख १५ एप्रिलवर गेली, मग तीही पुढे ढकलली. १७ एप्रिलच्या रात्री कंपनीच बंद पडली. संप झाला असता तर जेट वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ती कर्जात बुडाली होती. पण आश्वासनावर तारीख हलत गेली की समोरचा माणूस पुढची तारीख मोजायचे सोडून देतो, हे त्या पंधरवड्यात दिसले.

टाटांकडे गेल्यानंतरच्या एअर इंडियात एप्रिल २०२३ मध्ये नवा करार आला. दोन्ही जुन्या संघटना एकत्र आल्या, हजाराहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांना पत्र लिहिले. कंपनीने मात्र संघटनांना मान्यताच नसल्याची भूमिका घेतली, करार प्रत्येकाला वेगवेगळा पाठवला, आणि बहुतेकांनी एकेकट्याने सह्या केल्या. त्या करारात चार वर्षे कमांड केलेल्यांना ‘सीनियर कमांडर’ करून व्यवस्थापनाच्या श्रेणीत घेण्याचे कलम होते. संघटनांनी त्याला हरकत घेतली, आणि ती रास्त होती. अनुभवी माणूस व्यवस्थापनात गणला गेला की संघटनेत उरतात ती फक्त नवी मुले.

आमच्याकडे हेच वेगळ्या वाटेने घडते आहे. वाटाघाटीत बसलेल्या चौघांपैकी एकाला करारानंतर काही आठवड्यांतच प्रशिक्षण विभागात व्यवस्थापकीय पद मिळाले. ते उत्तम प्रशिक्षक आहेत, त्यांच्या योग्यतेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु ज्याने आमच्या वतीने सही केली, त्याने निदान दोन वर्षे असे पद घेऊ नये, हा नियम संघटनेच्या घटनेत हवाच.

संघटनांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये निघाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या कामात जास्तीत जास्त दोन लँडिंग. ते जूनपासून लागू व्हायचे होते, कंपन्यांच्या दबावाने रखडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढत राहिल्या म्हणून २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये ते टप्प्याटप्प्याने अमलात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी निघालेला एक वैमानिक गेटपाशीच कोसळून गेला. त्या बातमीने आम्ही सगळे हादरलो होतो. त्याच्या मृत्यूचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. पण विश्रांतीचा हक्क न्यायालयात जाऊन मिळवणाऱ्यांविषयी मला कायम आदर राहील. नियम पूर्ण लागू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि त्या कंपनीला याच नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. मिळवलेले टिकवायलाही जागती संघटना लागते.

मुंबईच्या कामगार चळवळीत गेट मीटिंगची पद्धत होती. पाळी सुटली की नेता दारावर उभा राहून मालकाशी काय बोलणे झाले ते सांगायचा, आणि कामगार तिथल्या तिथे जाब विचारायचे. आम्हाला असे दार नाही. एखाद्या दिवशी आमच्यातला एक दोह्यात असतो, दुसरा गुवाहाटीत लेओव्हरवर, तिसरा स्टँडबायवर घरी फोनजवळ, चौथा रात्रभर उडून झोपलेला. अशा वेळी अंधेरीतल्या हॉटेलात सभा बोलावून हात वर करून ठराव मंजूर करणे म्हणजे त्या दिवशी ज्यांना सुट्टी होती त्यांचे मत घेणे. आणि सुट्ट्यांचे रोस्टर व्यवस्थापनच ठरवते.

अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांचे २०२२ चे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. संघटनेने केलेला तात्पुरता करार सभासदांपुढे मतदानाला ठेवला गेला आणि ९४ टक्क्यांनी तो नाकारला. आकाश कोसळले नाही. संघटना पुन्हा टेबलावर गेली, आणि २०२३ मध्ये चार वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत वाढ देणारा करार ८० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. पहिला नकार हेच त्या वाटाघाटी करणाऱ्यांचे बळ ठरले. ‘आम्हाला मान्य आहे, पण सभासद ऐकणार नाहीत’ असे सांगता येणे ही केवढी मोठी ताकद आहे! आमचे पदाधिकारी ती स्वतःहून टाकून देतात.

आपल्याकडे तर हे आता अधिकच निकडीचे आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकत्र घेतलेली किरकोळ रजा हाही संपच ठरतो. वाटाघाटीचा एकमेव हक्क ५१ टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला. म्हणजे यापुढे जे काही मिळेल ते बोलण्यांतूनच, आणि बोलणार एकच संघटना. तिच्यावर सभासदांचा लगाम नसेल तर पुढे भरती होणाऱ्या मुलांचेही भवितव्य चार सह्यांवर ठरेल.

आमच्यापैकी काही जण येत्या सर्वसाधारण सभेसाठी ठरावावर सह्या गोळा करत आहेत. कुठल्याही कराराचा पूर्ण मसुदा सहीच्या किमान १५ दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे गेला पाहिजे. त्यावर गुप्त मतदान ऑनलाइन व्हावे, आठवडाभर खुले राहावे, म्हणजे रोस्टरवर असलेल्यालाही मत देता येईल. कमांडर आणि को-पायलटांच्या मतांचे आकडे वेगवेगळे जाहीर व्हावेत. आणि वाटाघाटीच्या समितीत निदान एक जागा को-पायलटची असावी. आमच्या पदाधिकाऱ्यांनी हा ठराव स्वतः मांडला तर आम्ही आमचा मागे घेऊ. ज्या निवृत्त वैमानिकांनी २०११ आणि २०१२ चे संप आतून पाहिले, त्यांनीही या विषयावर आपल्या वृत्तपत्रातून जरूर लिहावे.

आपला विश्वासू,
एक वैमानिक, विलेपार्ले, मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)