ताई, त्या नकाराबद्दल आभार

प्रिय ताई,

सिनेमा लागल्यापासून लोक एकाच प्रसंगाबद्दल भरभरून बोलतायत. गायिका श्वास रोखून दोरीच्या कडेकडेने पाण्यात खोल जाते, संगीत विरत जातं, आणि वर आल्यावर तिच्या तोंडून पहिला सूर निघतो. शाबासकी मला मिळते. श्वास रोखून पाण्यात खोल जायला मला शिकवलंत तुम्ही, पण तुमचं नाव श्रेयनामावलीत दोन सेकंदांत वर सरकून जातं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

पहिल्या दिवशी मी तोऱ्यात सांगितलं होतं, इतकी वर्षं गातेय, दमसासाची काळजी नको. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाताना तू श्वास पुरवून पुरवून खर्च करतेस. इथे तो खर्चायचाच नाही." मग पाण्यात शिरण्याआधी मी भराभर खोल श्वास घ्यायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. अशाने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घ्यावासा वाटणं ही शरीराची हाक, तीच उशिरा येते आणि माणूस काही कळायच्या आत शुद्ध हरपतो. हे तुम्ही माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत. आणि पाण्यात एकटीने कधीही उतरायचं नाही, हे रोज.

कानांनी मला रडवलं. दोन-तीन मीटरवरच कळ यायची. नाक दाबून जोर लावायची माझी सवय तुम्ही मोडलीत. "'क' म्हणायला जीभ मागे टाळूला लाव, पण म्हणू नकोस. तिथेच थांब." नाक चिमटीत धरून जिभेच्या मुळाने हवा ढकलली आणि कान टक्कन मोकळे झाले. गळ्यातली ही जागा मी रोज वापरत होते, तिचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. छाती आवळल्यासारखी वाटली तरी घाबरायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.

संगीताची ती बैठक आठवते ना? श्वास रोखून समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांवरच्या 1988च्या 'द बिग ब्लू' या सिनेमाचं एरिक सेराचं संगीत अमेरिकेत काढून बिल कॉण्टीचं घातलं होतं. आमचे संगीतकार तो दाखला देऊन सांगत होते की पाणी कसं वाटेल ते सूरच ठरवतात, तेव्हा मोठा वाद्यवृंद हवाच. त्यांनी तुम्हाला विचारलं, खाली काय ऐकू येतं? पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच गाठतो, त्यामुळे कुठून आला ते उमगत नाही, असं तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात, "पण मला तर माझं काळीजच ऐकू येतं." आणि टेबलावर बोटाने ठोका धरलात. आधी जलद, मग चेहरा पाण्यात गेल्यावर नाडी मंदावते तसा सावकाश, आणखी सावकाश. दोन ठोक्यांमधल्या जागेत खोलीतलं कुणी हललं नाही. संगीतकारांनी ते फोनवर टिपून घेतलं. त्या प्रसंगाची लय तिथून आलीय. ती तुमच्या बोटाची आहे, हे प्रेक्षकांना कळायलाच हवं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. त्या संध्याकाळी उजेड हवा तसा होता, फक्त एक टेक उरला होता. आधीच्या टेकनंतर मी वर आले तेव्हा ठीक असल्याची खूण करायची होती, आणि अंगठा तर्जनीला नीट भिडत नव्हता. तरी मी "ठीक आहे" म्हटलं. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहिलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, "आज ती पुन्हा पाण्यात जाणार नाही." केवढा वाद झाला! दिवस वाया जाणार होता, सगळं युनिट खोळंबलं होतं, आणि मी स्वतःसुद्धा तुमच्या विरुद्ध बोलले. आदल्या रात्री मी झोपले नव्हते आणि ते तुमच्यापासून लपवलं होतं. तुम्ही ते ओळखलंत, पण चारचौघांत एका शब्दाने बोलला नाहीत. पडद्यावर दिसतो तो टेक पुढच्या दिवशी सकाळचा आहे. मी आठ तास झोपून उठले होते, आणि अर्ध्या वाटेवर तुम्ही मला न्यायला खाली आला होतात. कॅमेऱ्याने तुम्हाला चौकटीबाहेर ठेवलं, पण मला तुम्ही दिसत होतात.

वर आल्यावर तुमचा पहिला शब्द ठरलेला असायचा. माणूस आधी श्वास सोडून देतो आणि तिथेच घात होतो, म्हणून तुम्ही दोरीला धरून कानाशी म्हणायचात, "घे. श्वास घे."

पहिल्या खेळाला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. पडद्यावर मी पाण्याबाहेर डोकं काढलं, आणि अंधारात तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "घे." मी घेतला, ताई.

तुमची,
पाण्यातली विद्यार्थिनी