पुरात बुडालेली गाडी ‘पाणी न लागलेली’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : 19 जानेवारी 2026

प्रति,
मुख्य अधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग,
जुन्या मोटारींची विक्री, अहमदाबाद शाखा

विषय : खोटा तपासणी अहवाल देऊन विकलेली गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

8 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्या अहमदाबादच्या यार्डातून मी ऑडी टीटी ही दोन दारांची गाडी घेतली. मॉडेल 2011, दोन लिटरचे 211 अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन, मीटरवर 58 हजार किलोमीटर. किंमत 13 लाख 80 हजार रुपये, त्यातले सहा लाख कर्जाचे. सोबत आपण एक तपासणी अहवाल दिलात. त्याच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले आहे : ‘पुराचे पाणी लागलेले नाही.’ हे वाक्य खोटे आहे. गाडी पाण्यात बुडालेली होती आणि ते मी पुराव्यासह खाली मांडतो आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना आहे, पंपांचे सुटे भाग आणि पावडर कोटिंग. बावीस वर्षे धातूत हात घातलेला माणूस आहे मी. ही गाडी एका भरात घेतलेली नाही. कॉलेजात असल्यापासून अशा एका गाडीची इच्छा होती. मुलीचे शिक्षण मार्गी लागेपर्यंत थांबलो. घ्यायच्या आधी चार महिने या मॉडेलविषयी मिळेल ते वाचले, दोन मिस्त्र्यांशी बोललो. त्यामुळे ‘ग्राहकाने नीट पाहून घ्यायला हवे होते’ असे जे उत्तर मला आपल्या फोनवर मिळाले, ते मी मान्य करणार नाही. मी काय काय पाहिले ते ऐका.

या पिढीच्या इंजिनात टायमिंग चेन असते, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर खराब व्हायला लागला की रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. पुढे तो पूर्ण निकामी झाला तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जाते. इंजिन गरम असेल तर ही खडखड लपते. म्हणून ‘मी येण्याआधी गाडी सुरू करू नका’ असे मी आदल्या दिवशी फोनवर दोनदा सांगितले होते. पोचलो तर बॉनेटवर हात ठेववत नव्हता. मी भांडलो नाही. मणिनगरला मेहुण्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, यार्ड उघडायच्या आधी, गेटवर हजर झालो. थंड इंजिन सुरू करून ऐकले. आवाज स्वच्छ होता. आजही आहे. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

टायरवरचे चार आकडे वाचले, त्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. पुढचे दोन टायर 2019 च्या पस्तिसाव्या आठवड्यातले, मागचे 2024 चे. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढचे-मागचे टायर असे वेगवेगळे झिजलेले नसावेत, म्हणून तेवढी रक्कम कमी करून घेतली. गिअरबॉक्सचे तेल साठ हजारांना बदलायचे असते, ते मी स्वतः करणार होतो. आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, 2026 मध्ये पंधरा वर्षांची होते आणि मग फिटनेस करून नूतनीकरण करावे लागते, हेही मला ठाऊक होते.

मग मी म्हणालो, कार्पेट उचलून पाहू द्या. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी आणि चार स्क्रू, वीस मिनिटांचे काम. आपला प्रतिनिधी म्हणाला, ‘सर, डिलिव्हरीच्या आधी ट्रिम उघडायची पॉलिसी नाही. रिपोर्ट आहे ना आपला.’ माझी जी काय चूक, ती एवढीच की त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवला. पण तो विश्वास आपण विकता. त्याचेच वेगळे पैसे, ‘तपासणी व हमी शुल्क’ म्हणून, पावतीवर लावलेले आहेत.

आता पुढचे. या गाडीच्या दाराच्या काचेला चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली उतरते आणि दार लागले की वर रबरात जाऊन बसते. नोव्हेंबरच्या शेवटी डाव्या दाराची काच उतरेनाशी झाली. दार लावले की काच रबरावर आदळायची. 6 डिसेंबरला एअरबॅगचा दिवा लागला तो विझलाच नाही. उन्हात गाडी बंद ठेवली की आत एक कुबट वास यायचा, तळघरात ओली पोती पडून राहिली की येतो तसा. 21 डिसेंबरला मुलीला चांपानेर दाखवायला निघालो. हालोलच्या अलीकडे डॅशबोर्डवर गिअरची सगळी अक्षरे एकदम पेटली आणि गाडीने ओढणे सोडले. दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होतो, मग टोइंगवाला आला.

23 तारखेला माझ्या नेहमीच्या मिस्त्र्याकडे गाडी उघडली. उघडण्याआधी आपल्या हेल्पलाइनला फोन करून माणूस पाठवा असे सांगितले होते; कोणी आले नाही. म्हणून पहिल्या स्क्रूपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढला, तो सोबत जोडला आहे.

डाव्या सीटखालचे कार्पेट वरून कोरडे होते. त्याखाली दोन बोटे जाडीचा फोम असतो. मिस्त्र्याने तो मुठीत धरून पिळला तर पाणी गळले, चहाच्या रंगाचे. सीट रुळावर धरणारे बोल्ट गंजलेले आणि त्यांच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा, म्हणजे सीट एकदा काढून परत बसवलेली आहे. पिवळ्या एअरबॅग कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा तांब्याचा गंज. डिकीच्या फरशीखाली पत्र्याच्या घडीत गाळाचा थर सुकून भेगाळलेला. आणि सीट बेल्ट. मी तो शेवटपर्यंत ओढला, रिळावर एरवी कायम गुंडाळलेला राहतो तिथपर्यंत. शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी आणि हाताला कडक. बोट फिरवले तर बोटावर मऊ, मैद्यासारखी माती आली.

ती माती मला कोणी ओळखून द्यायला नको. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा, दोन्ही वेळी मी घरातून हीच माती उपसली आहे. आजवा धरणाचे पाणी सोडले की काळ्या घोड्याच्या पुलावरची नदीची पातळी फोनवर बघत आम्ही रात्र जागतो. कारेलीबाग, फतेगंज, समा, अकोटा इथल्या कितीतरी तळघरांत त्या ऑगस्टमध्ये गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. गाडी जीजे-06 ची आहे, म्हणजे बडोद्याचीच. आरसीवर दुसऱ्या मालकाच्या नावाने हस्तांतर झाले डिसेंबर 2024 मध्ये, पुरानंतर चार महिन्यांनी. मी याबद्दल यार्डात विचारले होते. ‘फॅमिलीतच ट्रान्सफर आहे’ असे उत्तर मिळाले. कागदांत जी विमा पॉलिसी दिलीत तिच्यात नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य आहे. मालक बदलला की बोनस शून्य होऊ शकतो हे मला ठाऊक आहे, पण विम्याचा दावा घेतला तरीही तो शून्य होतो; या गाडीवर दावा झाला होता का, हे आपल्या तपासनीसाला विचारावेसे वाटले नाही? विमा कंपनीने ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेल्या, धरलेल्या गाड्या भंगार म्हणून लिलावात जातात, कोणीतरी त्या धुऊन-पुसून चालत्या करतो आणि पुढे विकतो, हा धंदा आपल्याला माहीत नाही असे मी कसे मानू? दोन्ही कागद आपल्याच फाइलमध्ये होते.

अहवाल प्रत्यक्ष गाडी पाहून लिहिलेलाच नाही, याचा आणखी एक पुरावा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. दुसऱ्या पानावर लिहिले आहे : ‘सर्व पॅनेलवर चुंबक चाचणी – योग्य.’ जुन्या गाडीवर चुंबक फिरवतात तो रंगाखाली पोचा लपवायला भरलेली पुट्टी शोधायला. पुट्टी जाड असेल तिथे चुंबक चिकटत नाही. पण या टीटीची बॉडी अॅल्युमिनियम आणि पोलाद यांची मिश्र आहे, वजनाने साधारण 69 टक्के अॅल्युमिनियम. दारे आणि डिकीचे झाकण पोलादाचे. बॉनेट आणि पुढची मडगार्डे अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही. तेव्हा ‘सर्व पॅनेलवर’ ही चाचणी ‘योग्य’ येणे शक्यच नाही. बॉनेटला चुंबक खरोखर लावला असता तर तो खाली पडला असता आणि तपासनीसाने निदान एकदा विचारले असते की हे काय.

माझ्या कारखान्यात कोटिंगची जाडी मोजायचा गेज आहे, तो लोखंडावरही चालतो आणि अॅल्युमिनियमवरही. 24 डिसेंबरला मी स्वतः मोजले. बॉनेटवर 110 ते 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे कंपनीतून आलेला रंग. उजव्या मडगार्डवर 420. तिथे पुट्टी आहे. हा भाग मूळ तक्रारीत किरकोळ आहे, मडगार्ड कुठेही घासते. पण ज्या माणसाने न लावलेल्या चुंबकाचा निकाल लिहिला, त्यानेच ‘पाणी लागलेले नाही’ हेही लिहिले.

आणि पाणी या बॉडीला साध्या पत्र्याच्या गाडीपेक्षा जास्त महाग पडते. दोन वेगळे धातू जिथे जोडलेले असतात तिथे मधला लेप खराब झाला आणि ओल धरून राहिली की गंज वेगाने पसरतो. ओला फोम गाडीच्या पोटात सव्वा वर्षाहून जास्त काळ पडून आहे. आतून काय झाले आहे हे पूर्ण उघडल्याशिवाय मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. हा गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी गाडी रस्त्यासाठी बनवली होती, नदीसाठी नव्हे.

24 डिसेंबरपासून मी आपल्या अॅपवर चार तक्रारी नोंदवल्या. चारही ‘निराकरण झाले’ असे दाखवून बंद केल्या गेल्या. एकाही वेळी कोणी गाडी पाहायला आले नाही. 5 जानेवारीला फोनवर कळवण्यात आले की हमीत इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, पण ‘पाण्यामुळे झालेले नुकसान’ हमीत येत नाही. त्याऐवजी आतून मोफत सफाई आणि पुढच्या खरेदीवर पंधरा हजारांची सूट देऊ केलीत.

आपण स्वतःच काय म्हणता आहात याचा विचार करा. हमी नाकारताना आपण मान्य करता की नुकसान पाण्याने झाले. विकताना आपण लिहून दिलेत की पाणी लागलेले नाही. नोव्हेंबर ते जानेवारी बडोद्यात पूर आलेला नाही, गाडी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. मग पाणी कधी शिरले? याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

पैशाचा हिशोब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मला झोपू देत नाही. ज्या डाव्या सीटच्या एअरबॅगचा कनेक्टर गंजला आहे, ज्या बेल्टच्या रिळात गाळ भरला आहे, त्याच सीटवर माझी मुलगी हालोलच्या रस्त्याने बसली होती. टक्कर झाली असती तर बेल्टने तिला धरले असते का, एअरबॅग उघडली असती का? पाणी गेलेल्या एअरबॅगचा भरवसा देता येत नाही, हे गाड्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. आपल्यालाही असणार.

माझ्या मागण्या अशा. गाडी परत घ्यावी आणि 13 लाख 80 हजार रुपये, तपासणी व हमी शुल्क, हस्तांतराचा खर्च, आजवर भरलेले कर्जाचे व्याज आणि टोइंगचे 6,500 रुपये मला परत द्यावेत. ज्या तपासणीच्या आधारे अहवाल लिहिला तिचे फोटो आणि मूळ नोंदी द्याव्यात. त्या नसतील तर तसे लिहून द्यावे. दुरुस्ती किंवा दुसरी गाडी मला नको आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे आपल्याला इथे यावे लागेल. गाडी तोवर आहे त्या स्थितीत शेडमध्ये राहील. फोम, बेल्ट आणि कनेक्टर मी जसेच्या तसे ठेवले आहेत. आपला माणूस पाठवायचा असेल तर रविवार सोडून कधीही पाठवा, मी समोर उभा राहून सगळे दाखवीन.

शेवटची मागणी पैशाची नाही. गाडी परत घेतल्यावर ती धुऊन पुन्हा यार्डात लावू नका. लावायचीच असेल तर तिच्या माहितीत पहिल्या ओळीत लिहा की ही गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली आहे. एक महिन्यानंतर मी आपल्या यादीत हा चेसिस नंबर शोधणार आहे.

आपला,
(सही)
कारेलीबाग, वडोदरा

सोबत : पावती, तपासणी अहवाल, आरसी व जुन्या विमा पॉलिसीची प्रत, 23 डिसेंबरचा व्हिडिओ, गेजच्या नोंदी, मिस्त्र्याचे लेखी म्हणणे, टोइंगची पावती.