पापणीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

अपघातानंतर माझ्या भावाचा डोळा सुजून पार मिटला होता. मुका मार आहे, उतरेल, असं जो तो सांगत होता. काळंनिळं उतरलंही, सूज मात्र तशीच. खाली वाकला, खोकला की आणखी फुगायची आणि पापणीवरच्या जखमेतून पाणी झिरपायचं. ‘सुईनं काढून टाकू’ असंही कुणीतरी सुचवलं होतं. तुम्ही ते ठामपणे थांबवलंत, त्याचे आभार सगळ्यात आधी.

तुम्ही मिटलेल्या पापणीवर बोट अलगद टेकवलंत, मग माझंही टेकवायला लावलंत. नाडीसारखं काहीतरी उडत होतं! मग तिथेच स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिलात. रक्तवाहिनी फाटून दुसरीला जोडली गेली असती तर घरघर ऐकू आली असती, म्हणालात. ती नव्हती. म्हणून संशय डोळ्याच्या खोबणीच्या छतावर. ते हाड पातळ असतं, मेंदू त्याच्या लगेच वर. हाड मोडून मेंदूचं आवरण फाटलं, की मेंदूभोवतीचं पाणी खोबणीत उतरून साचतं. झिरपणारे थेंब बाटलीत धरून तुम्ही बीटा-२ ट्रान्सफेरिनसाठी पाठवलेत. हे प्रथिन त्या पाण्यात असतं, अश्रूंत सहसा नसतं. सीटीत भेग दिसली, एमआरआयमध्ये साठा.

मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा, धोका तुम्ही लपवला नाहीत, पण घाबरवलंही नाहीत. हे पाणी शरीरात रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं, त्यामुळे वाट बुजल्याशिवाय नुसतं उपसून भागत नाही, हे तुमच्यामुळे कळलं. उशाकडून पलंग उंच, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, कमरेतून ड्रेन, म्हणजे ते पाणी बाहेर काढणारी नळी. (नाक न शिंकरणं हे त्याला ड्रेनपेक्षा जड गेलं.) तरी गळती थांबेना, तेव्हा न्यूरोसर्जनना तुम्ही स्वतः फोन लावलात. त्यांनी कवटीवरचंच आवरण घेऊन भोक बुजवलं. त्यांचे आभार वेगळे मानलेच आहेत.

आता डोळा जागेवर आहे, नजरही शाबूत. वर बघताना एकाचे दोन दिसतात, तेही कमी होतंय. पोहायला कधी जाऊ, हे तो रोज विचारतो. पुढच्या तपासणीत उत्तर तुम्हीच द्या, माझं तो ऐकत नाही.

आपली,
पेशंटची ताई