सूचना : ऑनलाइन उपासना आणि मंदिरात (चर्चमध्ये) येणे

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

घरून उपासनेत सहभागी होताना थोडे आधीच बसा, पवित्र शास्त्र (बायबल) हाती घ्या, फोनवरचे बाकीचे आवाज बंद करा. गीताला उभे राहून मोठ्याने गा (माइक बंदच असतो, सुराची चिंता नको). प्रार्थनेचे विषय शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे नाव घेऊन प्रार्थना करता येईल.

मात्र प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ एकत्र घेतली जाणारी, भाकर पडद्यातून हाती येत नाही. एकत्र मिळणे सोडू नये, एकमेकांना उत्तेजन द्यावे, असे बायबलमधील इब्री लोकांस पत्र (इब्री 10:25) सांगते. ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान प्रभुभोजनाच्या रविवारी यावे. खूप दिवसांनी येताना संकोच वाटत असेल तर पाळकांना सांगा, सोबतीला कोणीतरी येईल. आजारी आणि वयोवृद्धांसाठी प्रक्षेपण सुरूच राहील.