पोराशी आधी तूच बोल

प्रिय मित्रा, सप्रेम सलाम.

परवा तुझा फोन झाला आणि मला रात्री झोपच नाही बघ. महिना झाला पोराशी बोलला नाहीस, एका घरात राहून, एकाच ताटलीतली भाकरी मोडून, आणि वर म्हणतोस चूक त्याची तर त्यानंच आधी यावं. चूक त्याची आहेच रे, फीचे पैसे उडवले आणि घरी खोटं सांगितलं, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही. पण बाप तू आहेस.

आम्ही नगरला सावेडीत राहायचो तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही. पप्पा एमआयडीसीत लेथवर होते. मी आठवीत, त्यांच्या खिशातले शंभर रुपये गेले आणि त्यांनी मला धरून मारलं, मी नाही घेतले म्हणून ओरडत होतो तरी. रात्री कळलं की मम्मीनं गॅसवाल्याला दिले होते. मी भिंतीकडं तोंड करून पडलेलो, पप्पा आले, खाटेच्या कडेला बसले, अंगाला ऑईलचा वास, नखांत काळं, आणि म्हणाले, "मी चुकलो रे बाळा, मला माफ कर." मग माझा हात धरून 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हटली. संडेस्कूलमध्ये घोकून पाठ होती ती, पण 'पित्या' म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. पुढं नोकरीचं, लग्नाचं, मित्रांच्या नादाचं त्यांनी जे जे सांगितलं ते मी ऐकलं, ते त्या रात्रीमुळंच.

बायबलातलं लूक 15 परत काढून वाच. उधळ्या पुत्राकडं, म्हणजे वाटणीचे पैसे उडवून परत आलेल्या धाकट्याकडं, बाप धावत गेला हे सगळ्यांना माहितीय, पण थोरला रुसून घरात येईना तेव्हा पण बापच बाहेर आला ना त्याची समजूत घालायला? दोन्ही वेळा उठून कोण गेलं?

आणि दावीद राजा बघ. पळून गेलेल्या आपल्या पोराला, अबशालोमाला, यरुशलेमेत परत आणलं खरं, पण पुरी दोन वर्षं त्याला तोंड दाखवलं नाही, एकाच गावात राहून! (2 शमुवेल 14) पुढं पोरगा बंड करून मेला तेव्हा हाच राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा करत रडला, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर बरं म्हणाला. एवढी माया होती तर ती दोन वर्षं कुठं होती रे? मला तो अध्याय मोठ्यानं वाचवत नाही.

प्रेषित पौलानं इफिसकरांच्या पत्रात लिहिलंय, बापांनो मुलांना चिरडीस आणू नका, आणि त्याच वचनात पुढं प्रभूची शिस्त पण आहे. म्हणजे रागव की, पैशाचा हिशोब माग, सुट्टीत काम करून फेडायला लाव, पण हे सगळं त्याच्याशी बोलून कर. अबोला धरून कुठलं पोर सुधारलंय?

आज रात्री त्याच्या खोलीत जा. भाषण नको, नुसता बस जवळ. आणि रविवारी चर्चला येताना गाडी त्याला चालवायला दे, तू मागं बस.

वहिनींना सलाम सांग. मी रोज प्रार्थनेत तुम्हा दोघांची नावं घेतोय.

तुझाच,
लहानपणचा दोस्त